पांढऱ्या छत्रीवरचा उजेड

फोन आला तेव्हा थोरली आपल्या स्टुडिओत एका तान्ह्या बाळाचा पासपोर्टचा फोटो काढत होती. बाळ सारखं मान टाकत होतं आणि त्याची आई पांढऱ्या पडद्याआड लपून मागून त्याला धरत होती. फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा थोरलीने कॅमेरा खाली ठेवला. धाकटी जाऊ बोलत होती.

"ताई, ह्यांना दवाखान्यात आणलंय. रात्रीपासून उलट्या-जुलाब थांबेनात. डॉक्टर विचारतायत काय खाल्लं, आणि हे म्हणतात..." ती अडखळली. "अळंबी खाल्ली म्हणतात. जंगलातली."

"कुणी आणली?"

"ह्यांनीच. काल सुट्टी होती तर आईंना गाडीवर मागे बसवून गेले फिरायला. दुपारी परतून खाल्ली. मी कामावर होते हो. संध्याकाळी आले तर कढईसुद्धा घासून पालथी घातलेली."

"उलट्या कधी सुरू झाल्या?"

"झोपल्यावर. मध्यरात्रीनंतरच."

थोरलीने फोन ठेवला. ती अळंबी खाणारी नव्हती, फोटो काढणारी होती. पावसाळी हवेत गावामागच्या जंगलात गुडघ्यांवर बसून, कधी पालथं पडून, ती कुत्र्याच्या छत्र्यांचे फोटो काढायची, आणि नवरा त्यावरून म्हणायचा की लग्नात एवढं वाकून नमस्कार केला नव्हतास. त्या फोटोंमुळे तिची एका निवृत्त प्राध्यापिकेशी ओळख झाली होती. बाईंनी सगळा जन्म अळंब्यांच्या अभ्यासात घालवला होता. घरात सगळे त्यांना अळंबीच्या बाई म्हणत. त्यांनी एकदा सहज सांगितलेलं थोरलीला आत्ता आठवलं. जी खाल्ल्या खाल्ल्या ओकारी आणते ती बहुतेक वेळा माणसाला सोडून देते. जी कित्येक तास गप्प बसते, तिला भ्यायचं.

तिने बाळाच्या आईची माफी मागितली, कॅमेऱ्याची पिशवी उचलली आणि दुकानाचं शटर ओढलं.

दवाखाना लहान होता. खाली औषधांचं दुकान, वर दहा-बारा खाटा. दीर खिडकीजवळच्या खाटेवर होता, हाताला सलाईन, ओठ पांढरे पडलेले. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. चौदा मजल्यांच्या पोकळीत दोरावर लटकून काम करणारा माणूस, पण आता त्याला कूससुद्धा बदलता येत नव्हती. तरी थोरलीला पाहून तो हसला.

"छत्री असून भिजलो, वहिनी."

"बोलू नका, भाऊजी. फक्त सांगा, कुठली अळंबी होती?"

"तुमचीच की. जंगलात, पडलेल्या झाडापाशी. दुकानात फोटो लावलाय ना तुम्ही, काळ्यावर पांढरी. तसलीच."

त्याच्यापलीकडे भिंतीला टेकून सासूबाई बाकावर बसल्या होत्या. मान खाली, मांडीवर पाण्याचा डबा. दुधट रंगाचा, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचा तो डबा घेतल्याशिवाय त्या कुठे जात नसत. धाकटी खाटेच्या पायथ्याशी उभी होती, कालच्या कामाच्या कपड्यांतच.

"आई, तुम्ही नाही ना खाल्लीत?" थोरलीने विचारलं.

"मला भूक नव्हती," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी थोरलीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. शिडशिडीत माणूस, डोळे तारवटलेले.

"मी स्पष्ट सांगतो," ते म्हणाले. "साधी विषबाधा असेल तर सलाईनवर दोन दिवसांत उठेल. पण अळंबीची एक जात अशी आहे की ती यकृत खाते. ती असेल तर इथे माझ्याकडे त्याच्यासाठी काही नाही. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागेल, आणि आजच. त्यांच्याकडे खाट एकच रिकामी आहे आणि ते विचारतायत, कशावरून तीच? पहिल्या रक्तात अजून काही दिसत नाही. दिसायला लागेल तेव्हा उशीर झालेला असेल."

"नुसतं पाठवून दिलं तर?"

"पाच तासांचा वळणावळणाचा रस्ता आहे. अंगातलं पाणी असं गेलेलं असताना मी माणूस उगीच हलवणार नाही. मला नाव सांगा अळंबीचं. मी पुढचं बघतो."

थोरलीने तिथूनच दुकानातला तो फोटो बाईंना पाठवला आणि फोन लावून झालेलं सांगितलं. तो तिचा सगळ्यात लाडका फोटो होता. काळ्याभोर अंधारात एकच पांढरी छत्री, वर पाण्याचे थेंब चमकताहेत. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट मारून काढलेला. गिऱ्हाइकं तो पाहून थबकायची.

बाईंनी बघायला वेळ घेतला नाही. "हा चंद्र आहे गं. अळंबी कुठेय ह्यात?"

"बाई..."

"वरचं सगळं पांढरं जळून गेलंय, खालचं काळोखात. टोपीला रंग आहे का? खालचे पापुद्रे पांढरे का गुलाबी? दांड्याभोवती कडं आहे? बुडाशी काय आहे? ह्या फोटोवरून मी कुणाला मारूही शकत नाही, वाचवूही शकत नाही."

थोरलीच्या हातात फोन गरम लागत होता.

"ऐक," बाईंचा आवाज मऊ झाला. "घाबरायला नंतर वेळ आहे. उरलेली अळंबी तिथेच असेल. जा. आधी जमिनीत आहे तशीच फोटो काढ. मग बुडाखालून, मातीसकट खणून काढ आणि परत काढ. झाडाखालच्या नुसत्या उजेडावर विसंबू नकोस. पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो, पांढऱ्या टोपीवर हिरवी झाक पाडतो. आणि मला नेमकं तेच बघायचंय, ती झाक खरी आहे का खोटी. उघडा फ्लॅश मारलास तर पुन्हा चंद्र पाठवशील. उजेड मऊ कर आणि अगदी जवळून दे. समजलं?"

"समजलं."

"आणखी एक. घातकी जात असेल तर तो मध्येच बरा होईल. उठून बसेल. त्यावर विश्वास ठेवू नकोस."

थोरली जिन्याकडे वळली तर सासूबाई डबा घेऊन मागे उभ्या. "मी येते."

"आई, तुम्ही इथे बसा. मला जागा ठाऊक आहे."

"तुला एक पडलेलं झाड ठाऊक आहे. तिथे तीन पडलीत. कुठल्या झाडाखालची खुडली ते मलाच माहीत." आणि त्या जिना उतरायलाही लागल्या, कठड्याला घट्ट धरून.

स्कूटरवर सासूबाईंनी तिच्या कमरेला मिठी मारली होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांनी असं कधी धरलं नव्हतं. थोरलीला वाटलं, म्हातारीला मुलाची धास्ती. तिला स्वतःलाही होती. मघाशी दिराच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा ते थंडगार, ओलं लागलं होतं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखं. तो स्पर्श तिच्या तळहातावरून जाईना.

रस्ता संपला तिथे गाडी लावून दोघी आत शिरल्या. दुपार होती, पण झाडांखाली दुपार पोचली नव्हती. पाऊस थांबला तरी पानांवरून थेंब गळत होते, आणि प्रत्येक थेंबाच्या टपटपीबरोबर आपल्या मागून कुणी चालतंय असं थोरलीला वाटत होतं. एरवी ह्याच वाटेवर ती तास न् तास एकटी असायची. आज पायाखालचं प्रत्येक भूछत्र तिला डोळे वर करून बघणारं दिसलं. तपकिरी, शेंदरी, कानासारखी, बोटांसारखी. कितीदा ती ह्यांच्याशेजारी मातीवर गाल टेकून झोपली होती फोटोसाठी.

सासूबाई दोनदा थांबल्या. एकदा झाडाला धरून उभ्या राहिल्या, एकदा "तू हो पुढे, मी आले" म्हणून झुडपामागे गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या. तोंड पुसत आल्या. थोरलीने ते पाहिलं, पण तिचं डोकं उजेड किती उरलाय ह्या हिशेबात होतं.

पहिल्या पडलेल्या झाडापाशी काही नव्हतं. दुसरं थोरलीचं, फोटोतलं. तिथे नुसती कुजकी पानं. तिसरं त्याच्या खाली उतारावर, मुळं वर करून पडलेलं. सासूबाईंनी बोट दाखवलं.

"ती बघ."

खुडलेले बुडखे पानांत दिसत होते, आणि त्यांच्या बाजूला दोन अळंब्या शिल्लक होत्या. एक हाताच्या पंजाएवढी उमललेली, दुसरी अजून मुठीसारखी मिटलेली. दोन्ही पांढऱ्या, नितळ. थोरलीला त्या सुंदर दिसल्या, आणि तसं वाटल्याचीच तिला भीती वाटली.

ती ओल्या पानांवर पालथी पडली. सवयीने हात आधी उघड्या फ्लॅशवरच गेला. लख्ख झालं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर तोच चंद्र: मधोमध पांढरा डाग, खाली काळं भोक, ओल्या टोपीवर फ्लॅशचा चौकोन जसाच्या तसा उमटलेला. मग फ्लॅश न वापरता काढून पाहिला. कॅमेरा हलला, आणि बाई म्हणाल्या तसंच, सगळी छत्री शेवाळी दिसत होती. तिच्या स्वतःच्या हाताची पाठसुद्धा फोटोत हिरवी.

"आई, तुमचा रुमाल द्या."

रुमालाची दुहेरी घडी तिने फ्लॅशवर ताणली, रबराने बांधली. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून लांब वायरीने जोडला, म्हणजे तो हातात धरून हवा तिथून उजेड टाकता येईल. आता उजेड मऊ पडला. थेंबांवरची चकाकी गेली, टोपीचा गोलावा दिसू लागला. पण पांढरं निळसर झालं होतं. तिने रुमाल डोळ्यांजवळ नेला.

"नीळ घातलीत ह्याला?"

"पांढऱ्या कपड्याला नीळ नको?" सासूबाई म्हणाल्या. "पिवळे पडतात."

निळ्या उजेडात पिवळट-हिरवी झाक असली तरी मरून जाणार. थोरलीने पिशवी उपसली. एक तेलकट कागद होता, तो पिवळा. पावसात कॅमेऱ्यावर घालायची पिशवी होती, ती करडी. मग तिची नजर डब्यावर गेली. दुधट प्लॅस्टिक, ना निळं ना पिवळं. कापून वाकवलं तर फ्लॅशसमोर छोटा घुमटच होईल.

"आई, डबा लागणार. त्यातलं पाणी पिऊन टाका."

"ओतून दे."

"कशाला? सकाळपासून तुम्ही घोटभर प्यायलेल्या नाहीत. प्या."

सासूबाईंनी डबा तोंडाला लावला. दोन घोट गेले. मग त्यांचा चेहरा बदलला, डबा हातातून निसटला, आणि गुडघ्यांवर कोसळून त्या ओकल्या. नुसतं पाणी आणि पित्त. पुन्हा, आणि पुन्हा. पोटात काही उरलंच नव्हतं, तरी अंग पिळून निघत होतं.

थोरली उठून त्यांच्याजवळ गेली. त्यांचं कपाळ धरलं. थंड, ओलं.

"कधीपासून?"

सासूबाई ओकारीवर पानं लोटू लागल्या.

"आई, कधीपासून?"

"पहाटेपासून."

"तुम्ही खाल्लीत."

"पहिला घास मीच घेतला," सासूबाई म्हणाल्या. "तो नको म्हणत होता. म्हणाला, वहिनी म्हणतात जंगलातलं ओळखल्याशिवाय खाऊ नये. मी म्हटलं, तुझी वहिनी फोटो काढते, आम्ही लहानपणी पोट भरून खाल्लीत. माझ्या माहेरी अशीच यायची, अशीच पांढरी. मला वाटलं तीच." त्या तोंड पुसत होत्या, पुसलं गेलं तरी पुसत होत्या. "तो तिथे मरतोय आणि मी काय तोंडाने सांगू, की मीच भरवलं?"

थोरलीला वाटलं सगळं टाकावं, ह्यांना पाठुंगळी घ्यावं आणि पळत सुटावं. एकाचे दोन झाले होते. जंगल एकदम फार मोठं झालं, आणि रस्ता कुठल्या बाजूला ते तिला क्षणभर आठवेना.

"चला. फोटो राहू दे. दोन्ही उपटून घेऊन जाऊ."

"आणि ती बाई फोनवर काय वास घेणार आहे?" सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं. पकडीत जोर होता. "इथवर आलीस ना? मग काढ आधी. मी एवढ्यात मरत नाही."

थोरलीने पिशवीतली सुरी काढली आणि डबा कापला. पहिला काप घाईत तिरका गेला. डब्याची फुगीर बाजू तिने फ्लॅशपुढे वाकवून बांधली, मध्ये चार बोटं जागा सोडून, म्हणजे उजेड त्या सगळ्या प्लॅस्टिकवर पसरून मग खाली उतरेल. उरलेला पांढरा तुकडा तिने अळंबीच्या पुढ्यात जमिनीवर तिरका रोवला. वरून येणारा उजेड त्याच्यावर आपटून खालच्या पापुद्र्यांत शिरायला हवा. फ्लॅशचा जोर अगदी कमी केला. दूरच्या दिव्याने सावल्या कडक पडतात, जवळ आणला की अळंबीएवढ्या वस्तूला तो आभाळाएवढा होतो. हे ती दुकानात शिकाऊ मुलींना हसत हसत सांगायची. आता मात्र फ्लॅश टोपीपासून वीतभर अंतरावर धरायला आणि त्याच वेळी कॅमेरा स्थिर ठेवायला तिला दोन हात पुरेनात.

"दे इकडे," म्हणून सासूबाई शेजारी आडव्या झाल्या. कोपर मातीत रुतवून त्यांनी तो घुमट धरला. "असा?"

"थोडा डावीकडे. अजून खाली. हलवू नका."

"मी हलवत नाहीये. अंग हलतंय."

"मग श्वास रोखा."

दोघींनी श्वास रोखला. उजेड आला आणि गेला; ह्या वेळी लख्ख झालं नाही, नुसतं कुणी पडदा सरकवल्यासारखं उजळलं. थोरलीने कॅमेऱ्याचा पडदा पाहिला.

छत्री आता पांढरी नव्हती. मधोमध फिकट हिरवट-पिवळी झाक होती, काकडी सोलल्यावर उरते तेवढीच, आणि कडेकडे ती विरत गेली होती. बाजूला दिसणारं सासूबाईंचं नख मात्र नखाच्याच रंगाचं होतं. म्हणजे उजेड खोटं बोलत नव्हता, झाक अळंबीचीच होती. खालचे पापुद्रे एकेक मोजता येतील असे, पांढरेशुभ्र. दांड्याला फाटक्या झालरीसारखं कडं लोंबत होतं. तिने आणखी काढले, खालून, बाजूने. मग सुरीने लांबून माती सैल करत करत आख्खी अळंबी वर उचलली, बोटांनी माती झटकली.

बुडाशी पिशवी होती. अंड्याचं कवच फुटून त्यातून काही बाहेर यावं, तशी पांढरी फाटकी पिशवी.

यकृत खाणाऱ्या जातीचीच खूण होती ही; बाईंना विचारायची गरज राहिली नाही. तरीही तिने ती रुमालावर ठेवली आणि सासूबाईंना पुन्हा घुमट धरायला लावून तिचेही फोटो काढले. अश्रू आले की डोळ्याला लावलेला व्ह्यूफाइंडर धूसर व्हायचा, तेव्हा ती थांबून डोळे बाहीने पुसायची आणि पुढचा काढायची.

"तीच आहे का गं, वाईट?" सासूबाईंनी विचारलं.

"माहीत नाही," थोरली म्हणाली. आयुष्यात त्यांच्याशी ती पहिल्यांदाच धडधडीत खोटं बोलली, आणि सासूबाईंना ते कळलं.

"माझ्या माहेरच्या अळंबीला खाली पिशवी नसायची बहुतेक," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही वरूनच खुडायचो. बघितलंच नाही कधी."

चढ चढताना सासूबाईंचे पाय दोन वेळा मुडपले. नंतर थोरलीने त्यांना पाठीवरच घेतलं. वजन फार नव्हतं. तेही तिला भीतीदायक वाटलं. रस्त्यावर आल्यावर फोनला रेंज आली. कॅमेऱ्यातून फोनवर, फोनवरून बाईंकडे. छोटंसं वर्तुळ फिरत राहिलं. अर्धं. पाऊण. सासूबाई स्कूटरला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून. थोरली एकदा वर्तुळाकडे बघायची, एकदा त्यांची छाती हलतेय का ते बघायची.

बाईंचा फोन आला. "त्याला आत्ताच्या आत्ता हलवा."

"नक्की?"

"शंका ठेवायला तू जागाच सोडली नाहीस. डॉक्टरांचा नंबर दे, मी त्यांच्याशी बोलते. मोठ्या रुग्णालयालाही मी पाठवते हे फोटो."

"बाई, सासूबाईंनीही खाल्लीय. पहाटेपासून उलट्या होतायत."

"मग दोघांनाही. मोठ्या रुग्णालयात दुसरी खाटही मी मागते. पळ."

दवाखान्याच्या जिन्यावरच थोरलीला हसण्याचा आवाज ऐकू आला. दीर उशीला टेकून बसला होता. गालांवर रंग आला होता, हातात बिस्किट होतं. सकाळपासून पहिल्यांदाच धाकटीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला.

"बघा ताई, उलटी थांबली," ती म्हणाली. "भूक लागलीय म्हणतात. उगीच घाबरलो आपण सगळे. उद्या घरी सोडतील ना?"

सकाळी त्याला तळमळताना पाहून थोरली घाबरली होती. ह्या बसत्या-हसत्या दिराला पाहून ती त्याहून जास्त घाबरली. बाई जसं म्हणाल्या तसं, अगदी तसंच घडत होतं.

डॉक्टर फोनवर बाईंशीच बोलत आत आले. थोरलीने कॅमेरा पुढे केला. त्यांनी बुडाच्या पिशवीचा फोटो मोठा करून पाहिला, पापुद्र्यांचा पाहिला, आणि परिचारिकेला एवढंच म्हणाले, "गाडी बोलवा."

"कशासाठी?" दीर म्हणाला. "अहो, मला बरं वाटतंय. पाच तास गाडीत कोण बसेल?"

"भाऊजी, हीच होती का?" थोरलीने त्याच्यापुढे कॅमेऱ्याचा पडदा धरला.

"हीच. पण..."

"हिच्यात असंच होतं. मध्ये एक दिवस बरं वाटतं. आतलं काम चालूच असतं."

"कुणाचं काम?" धाकटीने विचारलं आणि खाटेचा दांडा धरला.

"मला काही झालेलं नाही," दीर म्हणाला. आवाज चढा होता, पण तो थोरलीच्या डोळ्यांत बघत नव्हता. "मी जात नाही कुठे."

मग परिचारिकेने धरून सासूबाईंना आत आणलं आणि समोरच्या खाटेवर झोपवलं. हात पुसून सलाईनची सुई लावायला घेतली. दीर बघत राहिला.

"आईला काय झालं?"

"जे तुम्हाला झालं ते," थोरली म्हणाली. "त्यांनीही खाल्ली होती."

त्याने बिस्किट हळूच खाली ठेवलं. मग तो पाय खाली सोडून बसला आणि म्हणाला, "तिला एकटीला नको पाठवायला. चला."

त्या रात्रीचा प्रवास थोरलीला नंतर कधी नीट सांगता आला नाही. सासूबाई आणि दीर दोन बाजूंना, मध्ये ती आणि धाकटी, गुडघ्याला गुडघे लागलेले. दीर सुरुवातीला बोलत होता, मग झोपला. तो झोपला की दोघी जावा वाकून त्याचा श्वास ऐकायच्या.

मोठ्या रुग्णालयात त्याचे डोळे आधी पिवळे झाले, मग अंग. रक्ताचे आकडे रोज वर चढत होते आणि इथले डॉक्टर आकडे सांगताना चष्मा पुसायचे. थोरलीचा नवरा दूरच्या बांधकामावरून निघून तिथे पोचला; भावाचं यकृत निकामी झालंच तर आपल्यातला तुकडा देता येईल का, ह्याच्या तपासण्या त्याने गुपचूप सुरू केल्या. बायकोला त्याने ते रक्त काढून घेतल्यावरच सांगितलं. एकाची भीती दोघांची झाली होती, दोघांची आता तिघांची.

सगळ्यात वाईट दिवशी दीर धाकटीला ओळखेना. तो स्वतःला लिफ्टच्या पोकळीत समजत होता. "दोर धरा," म्हणून ओरडायचा, "खालचा खटका बंद करा आधी, खाली माणूस आहे." धाकटी त्याचा हात धरून म्हणायची, "बंद केलाय, बंद केलाय," आणि तो पुन्हा तेच. थोरली काचेबाहेर उभी होती. आपण वेळेत आणलं की नाही, दुपारी त्या रुमालापायी किती वेळ गेला, पहिल्यांदाच डबा सुचला असता तर, असं काहीबाही तिच्या मनात घोंघावत होतं, आणि त्यातलं काहीही आता कुणाला विचारण्यासारखं नव्हतं.

सासूबाई खालच्या मजल्यावर होत्या. त्यांनी दोनच घास खाल्ले होते, बाकी सगळं मुलाला वाढलं होतं. त्यांचे आकडे थोडे चढून थांबले. पण त्या जेवत नव्हत्या. कुणी आलं की भिंतीकडे तोंड करायच्या.

एका सकाळी डॉक्टरांनी चष्मा पुसला नाही. आकडा कालच्याइतकाच होता, वर गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो उतरला. तरी ते जपून बोलत होते: अजून काही सांगता येत नाही, थांबा. पण त्या दुपारी दिराने डोळे उघडले, धाकटीकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तू कामावर नाही गेलीस?" तिला रडता येईना, हसता येईना. "रजा टाकलीय," ती म्हणाली.

थोरली खालच्या मजल्यावर आली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"आई."

"सांग," त्या वळल्या नाहीत. "पण खरं सांग. जंगलात सांगितलंस तसं नको."

"भाऊजींनी धाकटीला ओळखलं. बोलले. डॉक्टर म्हणतात, यकृत सावरतंय. बरेच महिने लागतील. पूर्वीसारखं काम करता येईल की नाही, ते आत्ता नाही सांगत."

हळूहळू सासूबाईंनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. चादरीखाली त्यांचं अंग हलत होतं, आवाज मात्र अजिबात नव्हता. थोरलीने चादर दूर केली नाही. ती खाटेच्या कडेला बसली, त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि चेपू लागली. पाय गरम होते. तिने दोनदा हात लावून खात्री केली.